मराठीच्या वाटेनं स्पॅनिश

हे पुस्तक मोठ्या माणसांसाठी आहे. शाळा-कॉलेज मागे पडलेलं, अंगावर नोकरी, दुकान नाहीतर शेती, घरात म्हातारी माणसं आणि शिकती पोरं, आणि तरीही एक नवी भाषा यावी अशी मनातून इच्छा: असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. हा वाचक यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा, उमरखेड अशा गावांत राहतो, हेही गृहीत धरलं आहे. पुण्यात राहणाऱ्याला विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिशचा वर्ग मिळतो. हैदराबादला इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे. दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था आहे. यवतमाळच्या माणसाला यातलं काहीच रोज जाण्यायेण्यासारखं नाही. त्याच्याजवळ मोबाइल आहे, पहाटेचा नाहीतर रात्रीचा एखादा तास आहे आणि मराठी आहे. यातली तिसरी गोष्ट सहसा कुणी हिशेबात धरत नाही. ती धरावी, एवढंच या पुस्तकाचं सांगणं आहे.

या वयात भाषा येते का, हा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी लांब जायला नको, वर्धा नदी ओलांडली की पुरे. पांडुरंग खानखोजे मूळचे वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज सरकारच्या नजरेत भरल्यामुळे देशोदेशी फिरलेले आणि अमेरिकेत शेतकीशास्त्र शिकलेले. 1924 च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. पुढे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं आणि खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभ्या केल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही होता. तीना मोदोत्तीनं त्यांच्या कामाची छायाचित्रं काढली. शेतकऱ्याला बियाणं समजावून सांगायचं तर त्याच्याच भाषेत सांगावं लागतं, आणि ती भाषा तिथे स्पॅनिश होती. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. 2022 मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

दुसरं नाव विनोबांचं. 1942 नंतरच्या तुरुंगवासात, पन्नाशीकडे झुकलेलं वय असताना, त्यांनी वेल्लोरच्या जेलमध्ये तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच मांडला. त्याआधी कुराण मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले होते.

या दोघांची बुद्धी आपल्याला उसनी मिळणार नाही, पण त्यांची परिस्थिती नीट पाहिली तर शिकण्यासारखं बरंच आहे. खानखोज्यांच्या भोवती दिवसभर स्पॅनिश बोलणारी माणसं होती. चुकलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर कळायचं, आणि न बोलून चालण्यासारखं नव्हतं. विनोबांजवळ वेळ होता आणि त्या वेळेला बांधलेली शिस्त होती. कानावर सतत पडणारी भाषा, बोलायची गरज आणि नेमाची उजळणी, या तीन गोष्टींवर मोठ्या माणसाची भाषा उभी राहते. आज मिळणारं प्रत्येक साधन, मग ते ॲप असो, ध्वनिफीत असो की पुस्तक, या तिन्हींपैकी एखादी उणीव भरून काढतं. एकच साधन तिन्ही उणिवा भरून काढत नाही. हे आधीच कळलं तर पुष्कळ निराशा टळते.

खरं तर आपल्या जिल्ह्याला हा धडा नवा नाही. पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे निघालं की तेलुगू कानावर पडू लागते. कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते, गोंडांच्या वस्त्यांवर गोंडी. या दोन्ही द्राविडी कुळातल्या, मराठीशी नातं नसलेल्या भाषा. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर घरात बंजारा बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि पुढे कॉलेजात इंग्रजी असा प्रवास पोरं करतातच. आठवडी बाजारात बसणारा व्यापारी गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगतो, आणि त्यासाठी त्यानं कधी वर्ग लावलेला नसतो. अशा वाचकाला स्पॅनिश ही तिसरी, चौथी, कधी पाचवी भाषा असेल. भाषा शिकायची कशी हे त्याच्या अंगात आहे. फक्त पुस्तकातून आणि पडद्यावरून शिकायची सवय नाही.

आता साधनांकडे येऊ. डुओलिंगो 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुइस फॉन आन हा ग्वातेमालाचा, म्हणजे स्पॅनिश ही त्याची घरचीच भाषा. रोज थोडं तरी करायला लावणं ही या ॲपची खरी ताकद. लँग्वेज ट्रान्सफर हा मिहालिस एलेफ्थेरियू यांचा ध्वनिपाठ मोफत मिळतो. त्यात शिक्षक विचारतो, आपण थांबून उत्तर बनवायचं आणि मग त्याचं ऐकायचं. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटनं आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांसाठी केलेला जुना स्पॅनिश पाठ्यक्रम आज कुणालाही उतरवून घेता येतो. रुक्ष आहे, पण वाक्यं घोटून घेण्यात त्याचा हात धरणारं कमीच. शब्दकोशासाठी माद्रिदच्या रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा कोश आहे. ही संस्था 1713 मध्ये स्थापन झाली, आणि तिचा कोश इंटरनेटवर पैसे न देता पाहता येतो.

या साधनांत एक गोष्ट समान आहे. कोशाचा अपवाद सोडला तर ही सगळी मुख्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी बांधलेली आहेत. त्याला जे अवघड जातं ते ती सावकाश समजावतात, आणि त्याला जे सोपं जातं त्यावरून झरझर पुढे सरकतात. मराठी माणूस ती वापरतो तेव्हा तो नकळत इंग्रज होऊन शिकू लागतो. आधीच येत असलेली गोष्ट त्याला अवघड म्हणून शिकवली जाते, आणि जिथे तो खरोखर अडतो तिथे कुणी थांबत नाही.

उदाहरणं दिल्याशिवाय हे पटणार नाही. 'मला कॉफी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे'. इथे कॉफी हा कर्ता, आणि मी नुसता 'मला'. आंबे आवडत असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस': आंबे अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी, जसं आपण 'आवडतात' म्हणतो. इंग्रजी माणसाला हे वाक्य उलटं टांगल्यासारखं वाटतं आणि त्याच्या पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठी माणसानं ती पानं उलटून पुढे जावं. 'मला वाटतं', 'मला दुखतं', 'मला कमी पडतं' ही सगळी वाक्यं स्पॅनिशमध्ये याच घडणीची आहेत.

दुसरं उदाहरण कर्माचं. आपण 'घर बघतो' म्हणतो, पण 'पेद्रोला बघतो' म्हणतो. माणूस आला की 'ला' लागतो. स्पॅनिशही तेच करते: 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ पेद्रो'. तो मधला 'आ' इंग्रजी पुस्तकांत खास प्रकरण घेऊन बसतो, आणि आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे.

तिसरं उदाहरण भूतकाळाचं. 'लहानपणी आम्ही नदीवर जायचो' आणि 'काल आम्ही नदीवर गेलो' यांतला फरक कुणा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'इबामोस', दुसऱ्यासाठी 'फुइमोस'. 'जात होतो' हाही अर्थ 'इबामोस'मध्येच येतो, एवढं वेगळं लक्षात ठेवायचं. आणि ज्या रूपाला इंग्रजी शिकणारे सगळ्यात जास्त भितात, त्या इच्छादर्शक रूपाची गोष्टही अशीच आहे. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यातलं 'यावंस' आपण विचार न करता वापरतो. 'किएरो के बेंगास' या वाक्यात 'बेंगास' तेच काम करतं. सगळीकडे जुळणी इतकी नेमकी बसत नाही, पण दार कुठल्या बाजूला आहे हे तरी कळतं.

वऱ्हाडी बोलणाऱ्याला आणखी एक फायदा आहे, आणि तो पुण्याच्या माणसाला नाही. 'काय करून राहिला?' असं आपण विचारतो. प्रमाण मराठीच्या मास्तरांनी त्यावर लाल रेघ मारलेली असते. स्पॅनिशमधली चालू क्रिया याच घाटाची आहे. 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे जेवून राहिलो. यातलं 'एस्तोय' हे 'एस्तार' या क्रियापदाचं रूप, आणि एस्तार हा स्पॅनिशचा कुप्रसिद्ध चकवा. कारण 'आहे'साठी त्या भाषेत दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. मी शिक्षक आहे, तिथे सेर. मी घरी आहे, मी दमलेला आहे, तिथे एस्तार. आपल्या 'आहे'ला हा भेद माहीत नाही. पण ज्या वाक्यात वऱ्हाडी 'राहिलो' येतो तिथे सेर कधीच येत नाही, एवढी खूणगाठ बांधली की निम्मा गोंधळ सुरुवातीलाच मिटतो. उरलेला निम्मा सवयीनं.

उच्चारांतही मराठी कामी येते, फक्त रोमन अक्षर दिसताच इंग्रजीकडे धावायची खोड सोडावी लागते. स्पॅनिश त आणि द हे आपले दंत्य त आणि द आहेत. टोमॅटो तिथे 'तोमाते' होतो. ट, ड, ळ तिथे नाहीत. स्वर पाचच, आणि ते आपल्या ए-ओसारखे सरळ. अडचण आहे ती दोन-तीन ठिकाणी. ब आणि व या दोन अक्षरांचा उच्चार एकच, त्यामुळे ऐकून लिहिताना फसायला होतं. दुहेरी र जिभेच्या शेंड्यावर थरथरवावा लागतो, नाहीतर 'पेरो' म्हणजे 'पण' आणि तोच र घोळवला की 'कुत्रा' हा भेद हरवतो. आणि एक घशातला, ह आणि ख यांच्या मधला आवाज आहे. ज्यांच्या कानाला उर्दू ओळखीची आहे त्यांना तो लगेच साधतो. या पुस्तकात स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत ते सुरुवातीची टेकण म्हणून. तिसऱ्या भागापासून ऐकलेलं हेच प्रमाण मानावं.

मराठी जिथे पाय ओढते तेही सांगितलं पाहिजे. 'मी आंबा खाल्ला, पपई खाल्ली' असं आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये ते खाणाऱ्याचंच राहतं: 'कोमी उन मांगो', 'कोमी उना पापाया'. आपली शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, त्यांची पुढे: 'घरात' म्हणजे 'एन ला कासा'. क्रियापदासाठी आपण वाक्याच्या शेवटापर्यंत वाट पाहतो, ते लोक पाहत नाहीत. नामाआधीची 'एल' आणि 'ला' आपल्याकडे नाहीतच. लिंगं तिथे दोन, पण ती आपल्या लिंगांशी जुळतीलच असं नाही. चंद्र तिथे स्त्रीलिंगी, दूध स्त्रीलिंगी. 'मानो' म्हणजे हात, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी, तर 'प्रोब्लेमा' शेवटी आ असूनही पुल्लिंगी. इथे मराठीची मदत मागू नये. नाम पाठ करताना त्याच्यासकट 'एल' की 'ला' हेही पाठ करावं.

मग इंग्रजीचं काय करायचं? ती टाकून द्यायची नाही, तिच्याकडून शब्द घ्यायचे. लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोन्ही भाषांत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. इंग्रजीत शेवटी 'शन' येतो तिथे स्पॅनिशमध्ये बहुधा 'सिओन' येतो. शाळेत खस्ता खाऊन पाठ केलेली इंग्रजी अशी आयती कामी येते. कधी फसगतही होते: 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायची वाट नव्हे, यश. तरी नफा तोट्याहून मोठा आहे. शब्दांसाठी इंग्रजी आणि वाक्यासाठी मराठी, हे या पुस्तकाचं सूत्र इथून आलं.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवणाऱ्या जाहिराती पुष्कळ आहेत. फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा स्वतःचा अंदाज असा, की इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला कामापुरती चांगली स्पॅनिश यायला साधारण 600 ते 750 तासांचे वर्ग लागतात. तेही शिक्षक समोर असताना आणि दुसरं काही काम नसताना. रोजचा एक तास धरला तर ही दोन वर्षांची मजल झाली. आपल्याकडे त्यात पेरणी येते, वेचणी येते, लग्नसराई येते, म्हणून तीन वर्षं धरावीत. शेती असणाऱ्यांनी नवा पाठ उन्हाळ्यात घ्यावा आणि जून लागला की फक्त उजळणीवर राहावं. थांबू मात्र नये, कारण थांबलं की विसरण्याचा वेग फार असतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून हा वेग मोजला आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, पण दर उजळणीनंतर गळती मंदावते.

कापूस एका फेरीत वेचून होत नाही. आज फुटलेली बोंडं आज, उरलेली पुढच्या वेच्यात. शब्दांचंही तसंच. सेबास्तियान लाइटनर यांनी 1972 मध्ये सांगितलेली खोक्याची पद्धत याच तत्त्वावर आहे. शब्द चिठ्ठीवर लिहायचा. बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्या कप्प्यात, आणि मागचे कप्पे उशिरा-उशिरा उघडायचे. अँकी हा 2006 पासूनचा प्रोग्राम हेच काम संगणकावर आणि मोबाइलवर करतो. संगणकावर आणि अँड्रॉइडवर तो मोफत आहे. ज्याला पडद्याचा कंटाळा आहे त्याला चपलांचं रिकामं खोकं पुरतं, आणि वीज गेली तरी ते चालतं. एक पथ्य मात्र पाळावं: चिठ्ठीवर सुटा शब्द न लिहिता छोटं वाक्य लिहावं, आणि अर्थ मराठीत.

ऐकण्याची उणीव आता उरलेली नाही. नवशिक्यांसाठी चित्रं दाखवत, सावकाश बोलणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ड्रीमिंग स्पॅनिश हे त्यातलं जाणतं नाव. पुढची पायरी म्हणजे रादिओ आम्बुलान्ते, 2012 पासून लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी सांगणारा ध्वनिकार्यक्रम. त्याची लिखित प्रतही मिळते, म्हणून आधी ऐकावं, मग वाचावं, मग पुन्हा ऐकावं. कुठल्या देशाची स्पॅनिश धरावी, हा प्रश्न हटकून येतो. स्पेनमध्ये 'तुम्ही'साठी मित्रांत 'बोसोत्रोस' चालतं, लॅटिन अमेरिकेत सगळीकडे 'उस्तेदेस'. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो. एक बोली धरावी आणि दुसरी कानाला कळेल इतकी ठेवावी. या पुस्तकानं मेक्सिकोकडची धरली आहे.

राहिलं बोलणं. इथे यवतमाळच्या माणसाची खरी अडचण आहे, आणि ॲपच्या भरवशावर ती सुटत नाही. पडद्यावरची जोडी जुळवता येणं आणि समोरच्याच्या प्रश्नाला दोन सेकंदांत उत्तर देणं ही दोन वेगळी कामं आहेत. उपाय म्हणजे माणूस गाठणं. टँडेम किंवा हॅलोटॉकवर भाषेच्या बदल्यात भाषा शिकवणारी माणसं भेटतात, इटॉकीवर तासाचे पैसे घेऊन शिकवणारे शिक्षक मिळतात. घड्याळ आपल्या बाजूनं आहे. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा आणि लिमा, बोगोताला साडेसात झालेले असतात. तिथली माणसं काम आटोपून मोकळी होतात ती वेळ आपल्याकडे घर जागं व्हायच्या आधीची. आठवड्यातून अर्धा तास असा गेला तरी उरलेल्या आठवड्याच्या अभ्यासाला दिशा मिळते, कारण नेमकं काय बोलता आलं नाही ते कळतं. सहा महिने झाल्याशिवाय बोलणार नाही, असं ठरवणारे पुष्कळ जण शेवटपर्यंत बोलत नाहीत.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात उच्चार आणि मराठीशी जुळणारी वाक्यं. दुसऱ्यात मराठीशी न जुळणारी, आणि हा भाग मुद्दाम सगळ्यात मोठा ठेवला आहे. तिसऱ्यात ऐकण्याचे आणि वाचण्याचे पाठ. चौथ्यात संभाषणासाठीचे विषय: घर, पीकपाणी, बाजार, दवाखाना, प्रवास, नोकरीची मुलाखत. परीक्षा द्यायची असेल त्यांच्यासाठी शेवटी देले आणि सिएले या दोन परीक्षांची ओळख आहे. देलेचं प्रमाणपत्र कायमचं असतं, सिएलेचं पाच वर्षांचं. पुण्या-हैदराबादेत नोकरी शोधणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. ज्यांना नुसतंच वाचायचं किंवा गप्पा मारायच्या आहेत त्यांनी परीक्षेचा विचारही करू नये.

कच्चे पाठ वापरून पाहणाऱ्या शिक्षक, दुकानदार, परिचारिका आणि शेतकरी मित्रांचे आभार मानतो. ज्या पाठांना त्यांनी कंटाळवाणे म्हटलं ते बहुतेक गाळले आहेत. कोलामी आणि बंजारा घरांत वाढलेल्या मित्रांचं ऋण वेगळं आहे. भाषा बाजारात, कामावर, माणसांत कशी शिकली जाते हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणानं दाखवलं, आणि चौथ्या भागाची मांडणी त्यावरूनच ठरली. मराठीशी जुळणारी आणखी वाक्यं वाचकांना सापडतील, काही ठिकाणी इथली जुळणी ओढूनताणून केलेलीही वाटेल. दोन्ही कळवावं, पुढच्या आवृत्तीत त्यांचा उपयोग होईल. तोवर पहिला पाठ मोठ्यानं वाचावा. मनातल्या मनात वाचणाऱ्याला हे पुस्तक फारसं काही देणार नाही.